एअर पिस्तूल सतत डावीकडे-खाली लागतंय: हात चुकतोय की साइट?

लेन चौदा
नमस्कार मंडळी. १० मीटर एअर पिस्तूल, उजवा हात, सराव पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर आठवड्यातून चार दिवस. पिस्तूल जर्मन बनावटीचं, सिलिंडरवालं. गेले तीन आठवडे ग्रुप (छर्ऱ्यांचा पुंजका) घड्याळातल्या पावणेआठच्या दिशेला बसतोय. खाली लागतंय म्हणून रिअर साइटला (नेम धरायची मागची खाच) वरच्या बाजूचे चार क्लिक (स्क्रूचे टप्पे) दिले. फरक नाही, उलट आणखी खाली गेल्यासारखं वाटतंय. आडव्या स्क्रूला सहा क्लिक उजवीकडे दिले तर दुसऱ्या दिवशी छर्रे उजवीकडे जायला लागले, म्हणून ते सहा परत घेतले. आता साइट बिघडलीय की माझा हात, हेच ठरवता येत नाहीये. तपासणी कुठून सुरू करावी?

सावकाश दाब
उजव्या हाताच्या नेमबाजाचा छर्रा डावीकडे-खाली, म्हणजे ट्रिगर झटक्यानं ओढला जातोय. बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते आणि नळी खाली-डावीकडे वळते. चुकांच्या गोल तक्त्यात हेच दिलेलं असतं. साइटला हात लावू नका. पंधरा दिवस रोज २०० ड्राय फायर करा, म्हणजे छर्रा न भरता नुसता ट्रिगर दाबा.

मोजपट्टी
ट्रिगरचा संशय रास्त आहे, पण तक्त्यावरून थेट निदान करायला माझा विरोध आहे. तो तक्ता एका हातानं मारणाऱ्या उजव्या नेमबाजासाठी आहे आणि पिस्तूल झीरो केलेलं आहे, म्हणजे साइट मध्यावर जुळवलेली आहे, हे त्यात गृहीत धरलंय. इथे नेमकं तेच माहीत नाही. शिवाय तक्ता एखाद्या सुटलेल्या शॉटचं कारण सुचवतो. पूर्ण ग्रुपच सरकला असेल तर आधी मोजायला हवं.

मोजायच्या दोन गोष्टी आणि त्यांची गल्लत करायची नाही: ग्रुपचा मध्य कुठे आहे आणि ग्रुप पसरलाय किती. साइटचा संबंध फक्त मध्याशी. पसरलेला ग्रुप क्लिकनं कधीच लहान होत नाही, तो फक्त दुसरीकडे जाऊन पसरतो.

पद्धत: साइट न हलवता ४० शॉट. प्रत्येक छर्ऱ्याचं केंद्रापासूनचं आडवं आणि उभं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. वर अधिक, खाली उणे. दोन्ही रकान्यांची सरासरी काढा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर स्क्रीनवरून वाचता येतं. कागदी कार्डावर वलयांचा उपयोग करा: १० चं वलय ११.५ मिमी व्यासाचं, ९ चं २७.५, ८ चं ४३.५ आणि काळा भाग संपतो ते ७ चं वलय ५९.५. म्हणजे एका वलयाची रुंदी ८ मिमी.

४० का, तेही सांगते. दहा शॉटचा ग्रुप टोकाटोकाला ४५ मिमीच्या आसपास असेल तर एकेका शॉटचं प्रमाण विचलन (मध्यापासून सहसा किती लांब पडतो त्याचं माप) साधारण १२ मिमी धरता येतं. मग पाच शॉटच्या सरासरीतच ५ मिमीची अनिश्चितता असते, म्हणजे तीन-चार क्लिक. ४० शॉटवर ती २ मिमीच्या खाली येते. पाच छर्रे बघून स्क्रू फिरवणारा माणूस योगायोगाच्या मागे धावत असतो. तुमचे सहा क्लिक दुसऱ्या दिवशी उलटले, त्याचं कारण बहुधा हेच.

लेन चौदा
धन्यवाद ताई. दोन दिवसांत मिळून ४० शॉट मोजले. मध्य १४ मिमी डावीकडे, ११ मिमी खाली. दहा-दहाच्या ग्रुपचा पसारा ४२ ते ४७ मिमी. दहा क्लिक देऊन, मोजून, परत घेतले: मध्य १५ मिमी सरकला, म्हणजे एक क्लिक दीड मिमी.

अक्रोड मूठ
क्लिकचं माप स्वतः काढलंत हे फार बरं केलंत. ते प्रत्येक मॉडेलला वेगळं असतं.

आता १४ आणि ११ हे दोन वेगळे प्रश्न समजा. डावीकडे आणि खाली यांचं कारण एकच असेल असं नाही. सगळेजण "पावणेआठ" हा एकच आजार समजून एकच औषध शोधतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

आधी भूमिती बघू. फ्रंट साइट (नळीच्या टोकाचं पातं) आणि रिअर साइट यांमधलं अंतर ३३० मिमी धरा. फ्रंट साइट खाचेत १ मिमीनं बाजूला गेली तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिमी सरकतो. पाव मिमी चुकली तरी साडेसात मिमी, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण वलय. याउलट दोन्ही साइट एका रेषेत ठेवून अख्खं पिस्तूल १ मिमी बाजूला गेलं तर छर्राही १ मिमीच सरकतो. हात हलतोय म्हणून घाबरायचं कारण नाही. खाचेतला उजेड दोन्ही बाजूंना सारखा नसेल तर मात्र घाबरा. तुमचे १४ मिमी म्हणजे फ्रंट साइटवर अर्ध्या मिमीपेक्षाही कमी चूक. नजर काळ्यावर गेली तर एवढी चूक दिसतसुद्धा नाही.

तीन चाचण्या करा, याच क्रमानं:

१. टेकवून. टेबलाशी बसा, पिस्तुलाच्या मुठीचा तळ आणि मनगटाखालचा हात वाळूच्या पिशवीवर किंवा घट्ट गुंडाळलेल्या टॉवेलवर. नळी किंवा सिलिंडर कशालाही टेकवायचा नाही, टेकला की छर्रा भलतीकडे जातो. दुसऱ्या हाताचा आधार चालेल. १० शॉट.

२. दुसरा हात. तुमच्यापेक्षा बऱ्या स्कोअरच्या माणसाला तेच पिस्तूल, तीच साइट, तेच छर्रे द्या. कुठे लागतंय ते आधी सांगू नका, नाहीतर तो नकळत भरपाई करतो. १० शॉट.

३. कोरं कार्ड. कार्ड उलटं लावा आणि पांढऱ्या कागदाच्या मधोमध मारा. काळं नसल्यामुळे डोळ्याला फ्रंट साइटशिवाय बघायला काही उरत नाही. इथे ग्रुप लहान झाला तर नेहमी तुमची नजर काळ्यावर जाते आहे.

पहिल्या दोन्हींत जेवढं सरकलेलं दिसेल तेवढं पिस्तुलाचं. तुमच्या उभ्या शॉटमध्ये त्यावर जे जास्तीचं येईल ते तुमचं.

शून्य बार
त्याआधी दहा मिनिटं स्क्रूना द्या. फ्रंट साइटचा, रिअर साइटच्या बुडाचा आणि मुठीचा स्क्रू ढिला नाही ना बघा. मूठ अर्धा मिमी जरी हलत असली तरी वरच्या चाचण्या फुकट. अॅलन कीचा चांगला संच बोहरी आळीत मिळतो. गोल झालेली जुनी की वापरून स्क्रूचं डोकं खराब करू नका. आवळताना जोर नको, मुठीचा स्क्रू जास्त आवळला की लाकडाला चीर जाते.

दुसरं, सिलिंडरमधला दाब. सहसा २०० बारपर्यंत भरतात. रेग्युलेटर असल्यामुळे बराच काळ वेग सारखा राहतो, पण कारखान्यानं दिलेल्या किमान दाबाखाली गेला की वेग पडतो. छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगानं गेला तर १० मीटरवर गुरुत्वाकर्षणानं साधारण २२ मिमी खाली येतो. वेग १३० झाला तर २९ मिमी. हे ७ मिमी म्हणजे जवळजवळ एक वलय, आणि नेमबाज दोष मनगटाला देत बसतो. सिलिंडरवरची तारीखही बघून ठेवा, मुदत साधारण दहा वर्षांची असते.

आणि छर्रे कोणते? मध्ये डबा बदलला का?

लेन चौदा
स्क्रू सगळे घट्ट. दाब १४० बार. छर्रे बदललेत. आधी ०.४५ ग्रॅमचे पिस्तुलाचे वापरत होतो. ते मिळेनात म्हणून महिन्यापूर्वी ०.५३ ग्रॅमचे रायफलचे आणले. डोकं दोन्हींचं ४.५० मिमी.

शून्य बार
मग दाब सोडून द्या, १४० ला काही अडचण नसते.

छर्ऱ्यांचा हिशेब: हवा तेवढीच ऊर्जा देते असं धरलं तर ०.५३ चा वेग ०.४५ पेक्षा आठ टक्के कमी. १५० चे १३८. पडणं २२ वरून २६ मिमी. म्हणजे चार मिमी खाली, तुमचा काहीही दोष नसताना. जड छर्रा वाईट नसतो, काही नळ्यांना तोच मानवतो. पण छर्रा बदलला की झीरो नव्यानं बघायचा.

मोजपट्टी
११ पैकी चार समजले. सात कुठून आले? लेन चौदा, ते "वरचे चार क्लिक" नेमके कुठे फिरवलेत? स्क्रूवर काय लिहिलंय?

लेन चौदा
वरच्या स्क्रूवर बाण आणि "एच" आहे. एच म्हणजे हाय, असं समजून त्या दिशेनं चार.

मोजपट्टी
मिळालं. जर्मन बनावटीच्या बऱ्याच पिस्तुलांवर ती अक्षरं जर्मन असतात, आणि त्यांचा अर्थ "छर्रा इकडे न्यायचा असेल तर" असा नसतो, "छर्रा इकडे लागत असेल तर" असा असतो. एच म्हणजे होख, उंच: वर लागत असेल तर या दिशेनं फिरवा, छर्रा खाली येईल. टी म्हणजे टीफ, खोल: खाली लागत असेल तर. आर आणि एल उजव्या-डाव्याचे, त्यांचंही तसंच. तुम्ही खाली लागणारं पिस्तूल चार क्लिक आणखी खाली नेलंत. चार गुणिले दीड, सहा मिमी. छर्ऱ्याचे चार आणि हे सहा, दहा झाले.

खूण न वाचताही खात्री करता येते: स्क्रू फिरवताना रिअर साइटचं पातं डोळ्यांनी बघा. रिअर साइट ज्या बाजूला सरकते त्याच बाजूला छर्रा जातो. पातं वर आलं की छर्रा वर. फ्रंट साइटचं बरोबर उलटं. एवढा नियम लक्षात असला की कुठल्याही देशाचं पिस्तूल हातात आलं तरी चूक होत नाही.

सावकाश दाब
उभ्या चुकीबद्दल मोजपट्टींचं पटलं. आडव्या चुकीबद्दल मी अजून ट्रिगरवरच आहे.

लेन चौदा
चाचण्यांचे आकडे, साइट आणि छर्रे अजून तसेच ठेवून:
टेकवून: २ मिमी डावीकडे, १० मिमी खाली, ग्रुप १२ मिमी.
दुसऱ्या नेमबाजाचे: १ मिमी उजवीकडे, ८ मिमी खाली.
कोऱ्या कार्डावर उभ्यानं: १३ मिमी डावीकडे, ग्रुप ३६ मिमी.

नंतर फक्त छर्रे बदलले (जुन्यांचा अर्धा डबा मिळाला) आणि टेकवून मारले: ६ खाली. मग टीच्या दिशेनं चार क्लिक: शून्याच्या अर्धा मिमी इकडेतिकडे.

अक्रोड मूठ
एका वेळी एकच गोष्ट बदललीत, म्हणून आकडे इतके स्वच्छ आले. उभा प्रश्न मिटला. आडव्या साइटला काही झालेलं नाही, तिला विसरा.

कोऱ्या कार्डावर ग्रुप ४५ चा ३६ झाला, म्हणजे नजर थोडीफार काळ्यावर जात होती. पण मध्य डावीकडेच राहिला, म्हणजे डावीकडे जाण्याचं कारण नजर नाही. उरले तिघे: उभं राहणं, मूठ आणि बोट. यातली पहिली दोन एकाच चाचणीत वेगळी होतात. छर्रा न भरता, नळी टार्गेटच्याच दिशेला ठेवून:

पिस्तूल नेहमीसारखं उचला, टार्गेटवर स्थिरावा. डोळे मिटा, खाली आणा, मिटल्या डोळ्यांनीच पुन्हा उचला, दोन श्वास थांबा, डोळे उघडा. आता दोन गोष्टी बघा. दोन्ही साइट एकमेकींच्या रेषेत आहेत, पण सगळं पिस्तूलच टार्गेटच्या बाजूला गेलंय, तर दोष पायांचा. मागचा पाय थोडा सरकवा, दर वेळी दोन-तीन सेंटिमीटर, आणि पुन्हा करून बघा. हातानं ओढून मध्यावर आणायचं नाही. फ्रंट साइट खाचेतच एका बाजूला बसली असेल तर पाय कितीही हलवा, उपयोग नाही. तो दोष मुठीचा किंवा पकडीचा. दहा वेळा करा आणि दहाही वेळचं लिहा.

लेन चौदा
दहापैकी आठ वेळा फ्रंट साइट खाचेत डावीकडे. डावीकडचा उजेड जवळपास बंद. पिस्तूल टार्गेटच्या आसपासच असतं.

अक्रोड मूठ
म्हणजे प्रत्येक शॉटला तुम्ही मनगट उजवीकडे वळवून साइट सरळ करताय. सात-आठ सेकंद ते टिकतं. ट्रिगर दाबायला लागलं की लक्ष बोटावर जातं, मनगट सैल पडून आपल्या जागी परततं आणि छर्रा डावीकडे. बाहेरून बघणाऱ्याला हे हुबेहूब ट्रिगर ओढल्यासारखं दिसतं. सावकाश दाब यांचं निदान त्यामुळेच इतकं पटण्यासारखं होतं.

मुठीचा कोन बदलता येत असेल तर स्क्रू सैल करून नळी किंचित उजवीकडे येईल असा फिरवा आणि डोळे मिटून पुन्हा तपासा. कोन बदलता येत नसेल तर लगेच कानस हातात घेऊ नका. कापडी चिकटपट्टीचा एक थर मुठीवर एका जागी लावा, पाच वेळा उचलून बघा. फ्रंट साइट मधोमध यायला लागली की जागा सापडली. उलटी गेली तर पट्टी काढून दुसऱ्या बाजूला. दोन आठवडे त्याच पट्टीवर मारा, मगच लाकडाची पुट्टी भरा. तासलेलं लाकूड परत येत नाही.

पाम शेल्फही (मुठीवरचा, तळहाताला खालून आधार देणारा भाग) बघा. तो हाताला घट्ट चेपून बसवायचा नाही, हात सहज आत गेला पाहिजे आणि मनगट मुठीबाहेर मोकळं राहिलं पाहिजे. खालून जास्त दाबणारा शेल्फ दर वेळी वेगळा बसतो आणि ग्रुप उभा लांबतो.

सावकाश दाब
मान्य. मग बोटाची तपासणीही जोडून घ्या, कारण मूठ बदलली की बोटाचं अंतरही बदलतं. ट्रिगर दूर असेल तर बोटाचं फक्त टोक पोचतं आणि ते सरळ मागे ओढण्याऐवजी डावीकडे ढकलतं. पहिल्या पेराच्या मधोमध ट्रिगर यावा आणि बोटाची बाजू लाकडाला घासू नये. ट्रिगरचं पातं एक-दोन मिमी मागे-पुढे करून बघा. ट्रिगर सुटल्यावर बोट आणखी मागे किती मोकळं धावतं तेही बघा, ते अडवणारा स्टॉपचा स्क्रू ढिला असेल तर शेवटच्या क्षणी नळीला धक्का बसतो. कोऱ्या भिंतीकडे ड्राय करताना फ्रंट साइट सुटण्याच्या क्षणी हलली तर बोट, नाही हलली तर बोट निर्दोष.

ड्राय फायर ज्या पिस्तुलाला ड्रायची सोय आहे त्यावरच. स्प्रिंगच्या पिस्तुलावर छर्ऱ्याशिवाय ट्रिगर दाबला की पिस्टनचं सील खराब होतं. घरी करत असाल तर छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत.

डावखुरी
तक्ता माझ्यासाठी पूर्ण उलटा समजायचा ना?

मोजपट्टी
आडवं उलटं, उभं तसंच. तुमचा ट्रिगरचा झटका उजवीकडे-खाली जाईल.

पाषाण टेकडी
एक गोष्ट इथल्या लोकांसाठी. हडपसरसारख्या लांबच्या भागातून तास-तासभर दुचाकी चालवून बालेवाडीला पोचलात तर उजवा हात एक्सलरेटर धरून आवळलेला असतो, बोटांना मुंग्या असतात. तसाच उभा राहून घेतलेला ग्रुप तपासणीला निरुपयोगी. वीस मिनिटं बसा, बोटं सैल करा, मगच मोजायचे शॉट.

चष्म्याबद्दलही कोणी बोललं नाही. चाळिशीच्या आसपास फ्रंट साइट धूसर व्हायला लागते आणि नजर आपोआप काळ्यावर जाते. नेमबाजीच्या काचेत लांबच्या नंबरात साधारण +०.५० मिळवला की फ्रंट साइट कडक दिसते, काळं थोडं पुसट. तसंच हवं. हाताच्या अंतरावर पिस्तुलाच्या लांबीचं काही धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नंबर ठरवून घ्या.

पंचवीस मीटर
२५ मीटरवरच्या .२२ च्या काडतुसाच्या पिस्तुलालाही हेच लागू पडेल का?

सावकाश दाब
बहुतेक, पण तिथे गोळी सुटतानाच्या धक्क्याची धास्ती जास्त. कोच किंवा रेंज ऑफिसरच्या देखरेखीखाली मॅगझिनमध्ये मध्येच एक डमी काडतूस त्यांनी भरायचं, तुम्हाला न सांगता. डमीवर नळी खाली गेली तर साइट तपासायची गरजच नाही. आणि १० मीटरचे क्लिकचे आकडे तिथे वापरू नका: अंतर अडीचपट, म्हणून तेवढ्याच कोनाला सरकणंही अडीचपट.

लेन चौदा
मुठीचा कोन फिरवला, ट्रिगर दीड मिमी मागे घेतला. डोळे मिटून दहापैकी सात वेळा फ्रंट साइट मधोमध. उभ्यानं ४० शॉट: ४ मिमी डावीकडे, १ मिमी खाली, पसारा ३५ ते ३९. हे उरलेले चार मिमी साइटनं काढू का?

मोजपट्टी
आज नाही. नवीन पकडीला हात अजून सरावतोय. तीन वेगवेगळ्या दिवशी ४०-४० मोजा. तिन्ही दिवशी चारच्या आसपास आलं तर दोन क्लिक, म्हणजे तीन मिमी, आणि पुन्हा ४०. ट्रिगर हलवलाय, तेव्हा ५०० ग्रॅमचं वजन लावून तपासून घ्या: नळी उभी, वजन ट्रिगरच्या मधोमध, सावकाश उचलायचं. सुटला तर नियमात बसत नाही.

आणि क्लिक द्यायचे ते "एल"च्या दिशेनं. डावीकडे लागतंय ना, म्हणून एल.